परदेश शिष्यवृत्ती (मोहोळ तालुका, जि. सोलापूर)

परदेशातील पदव्युत्तर किंवा पीएच.डी. शिक्षणाचे शुल्क, विमानभाडे, निर्वाहभत्ता आणि आरोग्यविमा हा सगळा खर्च उचलणारी, परत न फेडायची मदत. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट ही कर्जशिष्यवृत्ती असल्यामुळे या व्याख्येत बसत नाही. मोहोळ विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. इथल्या अनुसूचित जातीच्या गरीब घरातल्या पदवीधराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची योजना म्हणजे राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. प्रस्तुत नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात बहुधा भीमराव आंबेडकरांपासून सांगतात, आणि ते योग्यच आहे. १९१३ मध्ये बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची वाढीव मुदतही संपल्याने १९१७ मध्ये तिथला अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत यांच्या बळावर. चरित्रकार या खटाटोपाकडे जिद्दीची गोष्ट म्हणून पाहतात. पण त्यातून अशा योजनांचा एक दोषही दिसतो : पैशांची मुदत आणि अभ्यासाची मुदत यांचा मेळ बसत नाही. हा दोष आजही पुरता गेलेला नाही.

योजनांना दिलेल्या नावांत इतिहासाची थोडी अदलाबदल झाली आहे. आंबेडकरांना अमेरिकेला पाठवणाऱ्या सयाजीरावांचे नाव आता सारथी संस्थेच्या मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या परदेश शिष्यवृत्तीला आहे, तर शाहू महाराजांचे नाव अनुसूचित जातींच्या योजनेला.

स्वरूप : शाहू महाराज योजना २००३ पासून चालू आहे. सुरुवातीच्या मोजक्या जागा वाढत वर्षाला ७५ झाल्या. अर्जदार अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध असावा लागतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी वयोमर्यादा ३५ वर्षे, पीएच.डी.साठी ४०. क्यूएस जागतिक क्रमवारीत वरच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला हवा. वरच्या म्हणजे किती, हे जाहिरातीगणिक बदलते, कधी पहिली तीनशे, कधी दोनशे. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. २०२४ च्या जाहिरातीत दहावीपासून पदवीपर्यंत ७५ टक्के गुणांची अट आणि खर्चाला कमाल मर्यादा घातली गेली, तेव्हा विद्यार्थी संघटनांनी मोठा विरोध केला. गावच्या शाळेत दहावीला बासष्ट टक्के पडलेल्या आणि पुढे अभियांत्रिकीत पहिला आलेल्या मुलाला ही अट दारातच अडवत होती, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

भत्ते केंद्राच्या दराने मिळतात : अमेरिका व इतर देशांसाठी वर्षाला १५,४०० डॉलर, ब्रिटनसाठी ९,९०० पौंड. म्हणजे ब्रिटनमध्ये महिन्याला ८२५ पौंड. आता ब्रिटिश सरकारचाच हिशेब पाहावा. जानेवारी २०२५ मध्ये लंडनमध्ये शिकायला येणाऱ्याने राहण्याखाण्यासाठी महिन्याला १,४८३ पौंड दाखवावेत, असा तिथल्या व्हिसाचा नियम होता. लंडनबाहेर हीच रक्कम १,१३६ पौंड होती. ‘संपूर्ण खर्च’ या शब्दांतले ‘संपूर्ण’ इथे जरा हात आखडून घेतलेले आहे, आणि उरलेली तूट अर्धवेळ कामाने भरून काढावी लागते.

मोहोळहून कागदांचा प्रवास : निवडीआधीचा खर्च मात्र कुठल्याच योजनेत धरलेला नसतो, आणि तालुक्याच्या गावात खरी गळती तिथेच होते. आधी विद्यापीठाचा प्रवेश, तोही अनकंडिशनल ऑफर लेटरसह, आणि मग शिष्यवृत्ती, असा क्रम आहे. प्रवेशासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागते. तिची फी सतरा-अठरा हजार रुपये, एका बैठकीची. अमेरिकी विद्यापीठांचे अर्जशुल्क अनेकदा ७५ ते १०० डॉलर, दर विद्यापीठामागे. शेतमजुरीवर चालणाऱ्या घरात ही रक्कम उसनवारीशिवाय उभी राहत नाही. ती गेली तर गेली.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत अर्ज करायचा, सही तहसीलदारांची. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत दाखवावे लागते. जातीचा दाखला प्रांताकडून, व्हॅलिडिटी सोलापूरच्या जात पडताळणी समितीकडून. पदवी सोलापूर विद्यापीठाची असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी केगावला जायचे. मोहोळ-सोलापूर एसटी पुणे महामार्गाने विद्यापीठावरूनच जाते, हा त्यातल्या त्यात दिलासा. हे विद्यापीठ २००४ मध्ये एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी स्थापन झाले. त्याआधीच्या पदवीधरांना कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे खेटे घालावे लागत. जामीनदारांची कागदपत्रे वेगळीच. भूमिहीन कुटुंबाने जामीनदार शोधून देणे हे प्रवेशअर्जातला इंग्रजी निबंध लिहिण्याइतकेच कठीण काम आहे. एसओपी नावाचा तो निबंध निदान चार वेळा खोडून लिहिता येतो.

वेळापत्रक हा आणखी एक घोळ. ब्रिटनमधले बहुतेक अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये सुरू होतात. अंतिम यादी उशिरा लागली तर व्हिसा रखडतो. शिष्यवृत्तीचे पत्र हातात नसेल तर खर्चाची रक्कम स्वतःच्या खात्यात सलग २८ दिवस दाखवावी लागते, आणि ती असती तर शिष्यवृत्तीची गरजच नव्हती. मग प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलायचा. तो ढकलून मिळणे विद्यापीठाच्या मर्जीवर.

इतर वाटा : केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, उरलेल्या भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठी. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय तिच्यातून वगळले गेले. जातिव्यवस्थेचा अभ्यास परदेशात करू इच्छिणाऱ्या दलित विद्यार्थ्याला त्यामुळे ही वाट बंद झाली, आणि नियम करणाऱ्यांना हे दिसले नसेल असे मानणे अवघड आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगला जातीची वा उत्पन्नाची अट नाही, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. युरोपातील इरास्मस मुंडुसमध्ये एकाच पदवीसाठी दोन-तीन देशांत शिकता येते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्कच नसते, त्यामुळे तिथे शिष्यवृत्तीचा अर्थ मुख्यतः राहण्याखाण्याचा खर्च एवढाच उरतो.

कागदांचा घोळ नावाजलेल्यांनाही चुकत नाही. शेजारच्या माढा तालुक्यातील परितेवाडीचे जिल्हा परिषद शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले आणि पुढे अमेरिकेची फुलब्राइट. ती पदवीसाठी नव्हती, शिक्षकांसाठीची होती. अमेरिकेने बोलावले, पण जानेवारी २०२२ मध्ये चर्चा झाली ती त्यांच्या रजेच्या अर्जाची. तत्कालीन शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातल्यावर तो मार्गी लागला.