भाकरी नेली की दिली?

परवा मुलाने स्पीकरची एक छोटी जोडी आणून दिली. पॅसिव्ह, म्हणजे आत अ‍ॅम्प्लिफायर नसलेली. मागे फक्त तांबडं आणि काळं अशी दोन टोकं. मी म्हणालो, "एवढ्याशा डब्यातून काय ऐकू येणार रे?"

मास्तर इतिहासाचा, म्हणून आधी डब्याचाच इतिहास वाचला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीला बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा स्पीकर हवा होता. गाडीत जागा नाही, आणि सगळं हेडफोनवर पारखता येत नाही. त्यातून 'एलएस ३/५ ए' जन्मला. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, रुंदी १९. बंद पेटीत पाच इंची एक शंकू, उंच स्वरांना छोटा ट्वीटर, आणि दोघांत ध्वनीची वाटणी करणारा क्रॉसओव्हर. एवढ्याशा पेटीत ढोलाचा खोल घुमारा मावत नाही, आवाजही फार चढवता येत नाही. ते त्यांनी पत्करलं. पण माणसाचं बोलणं खरं वाटलं पाहिजे, हा आग्रह सोडला नाही. कारण माणसाचा आवाज प्रत्येक कानाला पाठ असतो; खोट चटकन कळते. हारवूड आणि सहकाऱ्यांनी १९७६ च्या अहवालात ही रचना मांडली. रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांनी परवाना घेऊन ती बनवली.

असो. आमची जोडी काही ती नव्हे, पण जातकुळी तीच.

ती मांडताना मी एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या. आवाज पोकळ झाला, बोलणारा नेमका कुठे आहे तेच कळेना. एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जात होता! तांबड्याला तांबडं जोडलं, पेट्या भिंतीपासून हातभर पुढे घेतल्या, ट्वीटर कानाच्या उंचीला आणले. आणि माणूस समोर येऊन बसला.

माणूस म्हणजे एक आजी. १९८५ साली सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी त्यांच्या आठवणी कॅसेटवर घेतल्या होत्या. विषय १९४३ चं प्रतिसरकार. रात्री भूमिगत पोरं घरी आली, त्या सांगत होत्या. माझ्या जुन्या टेपवर मला ऐकू आलं होतं, "भाकरी नेली." वर्गात मी तसंच सांगत आलो: चळवळीलाही पोट असतं, आणि ते गरिबाच्या चुलीवर भरतं.

आता तेच वाक्य तीनदा ऐकलं. आजी म्हणतात, "भाकरी दिली."

एका शब्दाचा फरक. नेली म्हटलं की बाई दाराआड उभी राहते. दिली म्हटलं की तीच चळवळीत येते. आजी आज नाहीत, त्यामुळे माफी मागायची सोय नाही. माझे विद्यार्थी मात्र आहेत. काहींचे फोन नंबर डायरीत सापडले. कालपासून एकेकाला कळवतो आहे.