आप्पासाहेब शरण गेले, तरी युद्ध का संपलं नाही?

सीताबर्डीची लढाई नागपुरात सगळ्यांना ऐकून माहीत असते. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी ती सुरू झाली आणि २७ ला दुपारपर्यंत संपली. आप्पासाहेब भोसल्यांची कितीतरी मोठी फौज रेसिडेंट जेंकिन्सच्या जेमतेम चौदाशे माणसांना टेकडीवरून हटवू शकली नाही. आपण गोष्ट बहुधा इथंच संपवतो. मला मात्र त्यानंतरचे सोळा-सतरा महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

डिसेंबरात जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. १६ तारखेला आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या छावणीत गेले. राजा हाती आला म्हणजे युद्ध संपायला हवं होतं. पण त्याच दिवशी पुन्हा लढाई झाली, आणि भोसल्यांच्या नोकरीतले अरब सैनिक काही हिंदुस्थानी शिपायांसह शहरात शिरून महालात ठाण मांडून बसले. २४ डिसेंबरला इंग्रजांनी जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, हल्ला केला. तो फसला.

मग बोलणी झाली. बायकामुलं, सामान आणि स्वतःची हत्यारं घेऊन सुखरूप निघून जाण्याची परवानगी अरबांना मिळाली, आणि ३० डिसेंबरला ते शहराबाहेर पडले. तोफांनी जे झालं नाही, ते या अटींनी झालं. हिंदू राजाच्या नोकरीतले मुसलमान अरब शेवटपर्यंत अडून बसले होते, हेही लक्षात असू द्यावं. त्या काळच्या लढायांना आजचे धार्मिक रंग लावणाऱ्यांना हा डिसेंबर अडचणीचा आहे.

आप्पासाहेबांचं उलट झालं. जानेवारी १८१८ मध्ये मुलूख आणि अधिकार काढून घेऊन त्यांना गादीवर ठेवलं गेलं. पण बाजीराव पेशव्यांशी त्यांचं गुप्त संधान आहे, असा आरोप ठेवून मार्चमध्ये त्यांना अटक झाली. अलाहाबादला कैदेत नेत असताना मे महिन्यात ते शिपायाच्या वेषात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गेले. गोंड सरदारांनी आसरा दिला, विखुरलेले अरब येऊन मिळाले. जुलैत त्यांनी बैतुलच्या बाजूला इंग्रजांची एक तुकडी कापून काढली. या भागातली लढाई थांबली ती एप्रिल १८१९ मध्ये, असीरगड पडल्यावर. तोवर फौजांची झळ डोंगरातल्या वस्त्यांनी सोसली. आप्पासाहेब इंग्रजांच्या हाती पुन्हा कधी लागलेच नाहीत. १८४० मध्ये जोधपूरला वारले.

आता बाजीरावांकडे पाहा. जून १८१८ मध्ये माल्कमने त्यांना वर्षाला आठ लाखांची नेमणूक देऊ केली आणि ते शरण आले. एवढे पैसे कशाला, अशी टीका माल्कमवर झाली. शरण आल्यावर बाजीरावांच्याच अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्यांना घेरलं, तेव्हा तो तंटाही माल्कमलाच मिटवावा लागला. म्हणजे राजाशी तह पुरत नाही; हातात हत्यार असलेल्या शिपायाचा हिशेबही चुकता करावा लागतो.

हरलेल्याला जगण्याची वाट दिसली, की तो हत्यार ठेवतो. समोर फक्त कैद दिसली, की तो डोंगर गाठतो. अर्थात अट देणाऱ्याचा हेतू नेक असतोच असं नाही. इंग्रजांना राज्य गिळायचंच होतं, आणि १८५४ मध्ये नागपूर त्यांनी खालसा केलंच. पण जिंकणाऱ्यालाही थोडं सोडावं लागतं, हे त्यांना कळत होतं.

आपल्याला तर हे हुदैबियानं आधीच शिकवलेलं आहे. हिजरी ६ मधल्या त्या तहाच्या अटी अनेक सहाबांना अपमानाच्या वाटल्या होत्या. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी त्या तरीही मान्य केल्या, आणि वाट मोकळी झाली. आज जगात कुठंही युद्ध लांबलं, की आपण कोण जिंकतंय हे विचारतो. हरणाऱ्याला परतायला रस्ता ठेवलाय का, हे आधी विचारायला हवं.