उकिरड्याची दैना

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी देखील फिटते, अशी आपल्या भाषेत जुनी म्हण आहे. आमच्या वाडीत गोठ्यामागे उकिरडा असे. सेमिनरीतून सुटीला घरी आलो की खत उपसून पाट्या वाहण्याचे काम माझ्या वाट्याला येई. चार पुस्तके शिकलेल्या मला त्या कामाची लाज वाटे. त्या उकिरड्याचाही एक इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे पान होळकरांच्या इंदुरात लिहिले गेले, हे मला फार उशिरा कळले.

१८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी पिकांच्या पोषणातील खनिज द्रव्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. पीक जमिनीतून जे नेते ते तिला परत दिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह रास्तच होता. पुढे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचा हिशोब रूढ झाला. १९१३ मध्ये जर्मनीत हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करणारा कारखाना सुरू झाला. या ज्ञानाने असंख्य मुखी अन्न पडले. ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. मात्र माती हे द्रव्ये साठवण्याचे निर्जीव भांडे नव्हे, ती सजीव आहे, याचा विसर पडत गेला.

याच काळात भारतीय शेतीची पाहणी करण्यासाठी आलेल्या जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी आपल्या १८९३ च्या अहवालात येथील शेतकऱ्याच्या कौशल्याची प्रशंसा केली आणि चुलीत जाणाऱ्या शेणाकडे सरकारचे लक्ष वेधले. १९०५ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ बिहारमधील पुसा येथे रुजू झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही शास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाचे नवे वाण सिद्ध केले. परंतु हॉवर्ड यांना खरा धडा मिळाला तो प्रयोगशाळेबाहेर. औषधे न फवारताही आसपासच्या शेतकऱ्यांची पिके निरोगी दिसत. शिकवायला आलेल्या या अधिकाऱ्याने त्या शेतकऱ्यांनाच आपले गुरू मानले.

१९२४ मध्ये इंदूर येथे वनस्पती संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली. तेथे प्रश्न असा होता : कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, उसाचे पाचट असा काडीकचरा विपुल, पण शेणखत अपुरे. कोरडी पऱ्हाटी तशीच नांगरून गाडली, तर ती कुजवणारे सूक्ष्मजीव जमिनीतीलच नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून कुजण्याची क्रिया शेताबाहेर उरकून घेणे भाग होते. फ्रँकलिन किंग यांच्या १९११ च्या ग्रंथात वर्णिलेली चिनी शेतकऱ्यांची रीतही हॉवर्ड यांच्या नजरेसमोर होती.

दोन फूट खोल खड्ड्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देत. ओल राखत, पण हवा कोंडू देत नसत. ढिगाची उष्णता ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढे. सुमारे पंधरवड्याने, महिन्याने आणि दोन महिन्यांनी अशी तीनदा उलथापालथ केली की तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस काळेभोर, मातीचा सुगंध असलेले खत तयार! म्हणीतील बारा वर्षांची दैना इंदुरात नव्वद दिवसांत फिटली.

१९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीवरील ग्रंथाच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्यासोबत यशवंत वाड या त्यांच्या सहकाऱ्याचेही नाव आहे. गॅब्रिएल १९३० मध्येच निवर्तल्या होत्या. पुढे कीर्ती एकट्या हॉवर्ड यांना मिळाली. वाड यांचे नाव आज किती मराठी वाचकांना ठाऊक आहे? आणि ज्यांच्या बांधावर हे ज्ञान मुळात उभे राहिले त्या शेतकऱ्यांची नावे तर कोणी नोंदवलीच नाहीत. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी ही संस्था पाहिली आणि आपल्या पत्रातून या खताचा प्रसार केला. निरोगी मातीत रोग फिरकतच नाहीत, असे हॉवर्ड यांचे काही दावे पुरते कसाला उतरले नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मात्र कुजलेले सेंद्रिय द्रव्य मातीचे कण एकत्र बांधते, त्यांच्यामध्ये पाणी व हवा खेळती ठेवते आणि असंख्य जिवांना पोसते, हे त्यांचे प्रतिपादन आज सर्वमान्य आहे.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत मातीच्या १२ बाबी तपासल्या जातात; त्यांत सेंद्रिय कर्बाचा रकाना आहे. युरियाचे पोते आणून तो भरत नाही. तो भरतो पालापाचोळ्याने, शेणाने आणि सबुरीने. तरीही अनेक शेतांत पाचट आणि पऱ्हाट्या पेटवल्या जातात; जमिनीचे देणे आपण धुरावाटे आकाशात सोडून देतो.

सेमिनरीत लॅटिन शिकताना ‘हुमुस’ म्हणजे माती आणि ‘हुमिलितास’ म्हणजे नम्रता हे शब्द मी पाठ केले होते. दुसरा पहिल्यातूनच उगवला आहे, हे मात्र तेव्हा ध्यानी आले नव्हते. उकिरड्यापाशी वाकणाऱ्या माझ्या वडिलांना लॅटिन येत नव्हते. पण त्या दोन शब्दांचे नाते त्यांना माझ्याआधी कळले होते.