चीर देण्याआधीचे दोन तास

कुणाच्या घरी आतड्याचं ऑपरेशन झालं, की गटाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "टाके सुकले का?" जखम चिघळली तर दवाखान्यातला मुक्काम वाढतो, मजुरी बुडते आणि गटातून कर्ज निघतं. म्हणून ही जखम रोखायला माणसं कशी शिकली, ते आज आम्ही सांगतो.

१८६७ साली ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिड वापरून बाहेरचे जंतू जखमेपासून दूर ठेवायची रीत मांडली. आतड्यात मात्र जंतू आधीपासूनच असतात, तेही अब्जांनी. हात आणि हत्यारं कितीही स्वच्छ असली, तरी आतडं उघडलं की ते जखमेपर्यंत पोचू शकतात.

पुढे पेनिसिलिनसारखी औषधं आली, तरी पू होतच राहिला. कोड्याची किल्ली १९६१ मध्ये अमेरिकेतले सर्जन जॉन बर्क यांना सापडली. त्यांनी गिनीपिगच्या कातडीत जंतू टोचले आणि औषधाची वेळ तेवढी बदलून पाहिली. औषध आधीच रक्तात असलं तर सूज अगदी कमी. तीन तासांनी दिलं तर न दिल्यासारखंच! दूध उतू गेल्यावर गॅस बंद करावा, तसं.

१९७७ मध्ये अमेरिकेतच आतड्याच्या रुग्णांवर चाचणी झाली. पोट सगळ्यांचंच साफ केलं होतं. काहींना आदल्या दिवशी निओमायसिन आणि एरिथ्रोमायसिनच्या गोळ्याही दिल्या. गोळ्या नसलेल्यांत जखम चिघळण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं, गोळ्या घेतलेल्यांत ९. (या गोळ्या डॉक्टरांनी ठरवायच्या, आपण मनानं आणायच्या नाहीत.)

आम्हाला सगळ्यात आवडली ती १९९६ ची ऑस्ट्रियातली गोष्ट. आतड्याच्या २०० रुग्णांपैकी काहींना ऑपरेशन चालू असताना नीट ऊबदार ठेवलं, तर काहींचं अंग थंड पडलं. थंड पडलेल्यांत १९ टक्के जखमा चिघळल्या, ऊबदारांत ६. अंग गार पडलं की कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि जंतूंशी लढायचं बळही.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की प्रतिबंधाचं अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या दोन तासांत द्यावं, आणि ऑपरेशन संपल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून चालू ठेवू नये. आतडं आधीच फुटलं असेल किंवा पू झाला असेल, तर ते उपचार वेगळे. एरवी "अजून चार इंजेक्शनं द्या" असा आग्रह आपणच धरतो. वस्तऱ्यानं केस काढायलाही त्यात मनाई आहे, कारण कातडीला न दिसणारे ओरखडे पडतात. तेव्हा घरूनच वस्तरा फिरवून माणसाला दवाखान्यात नेऊ नका.