घाट, घॉट आणि गट

नांदेडास नगीनाघाट, बंदाघाट म्हणजे गोदावरीत उतरणाऱ्या पायऱ्या आणि लातुरास बालाघाट म्हणजे डोंगर, ही विसंगती उलगडू पाहत असता वेस्ट इंडीजमधील माँटसेराट बेटाच्या नकाशावर आपल्याच घाटाचे कंपनी सरकारच्या अमदानीतील जी-एच-ए-यू-टी हे स्पेलिंग मला आढळले, आणि मूळ प्रश्नाइतकाच हा नवा प्रश्नही मला सोडीना.

पायऱ्यांवरून खिंडीच्या वाटेवर व वाटेवरून सबंध सह्याद्रीवर हे नाव कसे चढले, ते यूल व बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात नोंदविलेच आहे. बालाघाटातील ‘बाला’ फारसी, म्हणजे ‘वर’. तेथे ‘बाल’ म्हणजे लहान असा संस्कृत अर्थ लावणाऱ्यास वऱ्हाडातील पायनघाट, अर्थात घाटाखालचा मुलूख, हे जोडनाव निरुत्तर करते.

माँटसेराटवर मात्र हा शब्द ना पायरीचा, ना खिंडीचा. ज्वालामुखीच्या उतारावरून पावसाचे पाणी समुद्राकडे नेणारी खोल घळ, जिच्यातून १९९५ मध्ये जागृत झालेल्या सूफ्रिएर हिल्स या ज्वालामुखीचा राखमिश्रित चिखलही वाहिला, ती त्या बेटाचा हा घाट. स्पेलिंग पाहून आपण ‘घॉट’ म्हणू. तेथील लोक ‘गट’ म्हणतात, आणि ज्या ‘रनअवे गट’चे पाणी प्यालेला प्रवासी बेटावर परत येतो अशी लोकश्रद्धा आहे, त्याचाही उच्चार तोच.

हिंदुस्थानातून गेलेल्या इंग्रजांनी आपला शब्द तेथे नेला, असे एक मत आहे. अभिमानाला ते सुखावते. तथापि मला ते मान्य नाही. पाण्याच्या अरुंद वाटेला जी-यू-टी हा शब्द इंग्रजीचा स्वतःचाच आहे, आणि व्हर्जिन बेटांवर अशाच घळीला अनेकदा त्याच साध्या स्पेलिंगाने लिहितात. आपला घाट माणसाच्या पावलांचा, तो गट केवळ पाण्याचा. हा अर्थभेद स्पेलिंगाच्या साम्याहून मला अधिक वजनदार वाटतो. महाप्राण घ आणि मूर्धन्य ट या दोहोंवाचून ज्यांची जीभ वाढली, त्यांना ‘घाट’ व ‘गट’ यांतील अंतर फारसे जाणवले नसावे; म्हणून कंपनीच्या दफ्तरातील लेखनाला सरावलेल्या एखाद्या नकाशानविसाने बेटावरच्या ‘गट’ला आपल्या घाटाचा पोशाख चढविला, हेच मला सर्वाधिक संभवनीय दिसते.