चोरी नेमकी कुणाची?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेस्ट ग्रंथसंग्रहात एक जुने चिनी वस्त्र जपून ठेवले आहे. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर दाटीवाटीने लिहिलेला आहे. परीक्षेत नक्कल करण्यासाठी चीनमध्ये अशी वस्त्रे बनवत. हे त्यांपैकीच एक असावे, असे मानले जाते. गंमत अशी, की याच प्रिन्स्टनमध्ये १८९३ साली लेखी परीक्षेच्या दालनातून पर्यवेक्षकांना बाहेर काढण्यात आले. मुले आपल्या इभ्रतीची शपथ लिहून देतील, त्यांच्यावर नजर ठेवायची नाही, असे ठरले. त्याच वर्षी चीनमध्ये परीक्षकाला लाच देऊ पाहणारा एक आजोबा तुरुंगात गेला. आणि त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या मुलांनी परीक्षा कुठे द्यावी, यावर एक ठराव झाला. साल एकच, पण परीक्षेतल्या अप्रामाणिकपणाचा अर्थ तीन ठिकाणी तीन तऱ्हांचा.

सुरुवात चीनपासून करायला हवी, कारण लेखी परीक्षा घेऊन राज्यकारभारासाठी माणसे निवडण्याची रीत मुळात तिथली. सुई घराण्याच्या काळात, सातव्या शतकाच्या आरंभी, ती सुरू झाली आणि १९०५ मध्ये बंद पडली. इतक्या दीर्घ काळात परीक्षा घेणाऱ्यांनी माणसाच्या लबाडीचा बारकाईने अभ्यास केला होता. उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकून ते चिकटवून टाकत. सोंग काळापासून तर कारकून सगळ्या उत्तरपत्रिका पुन्हा लिहून काढत आणि परीक्षकापुढे ती नक्कलच जाई, म्हणजे ओळखीचे अक्षर दिसायला नको. नक्कल रोखण्यासाठी सरकारच नक्कल करवून घेत होते! परीक्षकांनाही काम संपेपर्यंत आवारात कोंडून ठेवत. नानजिंगच्या परीक्षा-आवारात २० हजारांहून अधिक कोठड्या होत्या. उमेदवाराने दोन फळ्यांवर बसायचे, लिहायचे आणि रात्री त्याच जोडून त्यांवर झोपायचे. अठराव्या शतकातल्या नियमांनुसार कपडे अस्तराविना हवेत, शिदोरीतल्या पोळ्या कापून तपासायच्या. सापडला, तर गळ्यात जाड फळी अडकवून त्याला लोकांसमोर उभे करत.

इतकी कडक व्यवस्था असूनही अंगरखे बनतच राहिले. प्रांतिक परीक्षेत शंभरांतले एकदोघेच उत्तीर्ण होत, आणि उत्तीर्ण होणाऱ्याच्या घराण्याचे नशीब पालटे. शिक्षेची धार बक्षिसाच्या आकारावरून ठरत होती. मात्र या व्यवस्थेची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिथे परीक्षकही सुटत नसे. १८५८ च्या बीजिंगमधल्या परीक्षेत उत्तरपत्रिकांची अदलाबदल झाल्याचे उघड झाले. मुख्य परीक्षक बाय जून हे साम्राज्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक. पुढच्या वर्षी त्यांचा शिरच्छेद झाला. त्यामागे दरबारातले वैरही होते. तरी परीक्षेतली चोरी हे त्यासाठी पुरेसे कारण ठरू शकले. कारण ती राजसिंहासनाशी केलेली दगलबाजी होती.

१८९३ चे आजोबा म्हणजे शाओशिंगचे झोउ फूछिंग. ते स्वतः सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झालेले. प्रांताच्या परीक्षेचा प्रमुख परीक्षक त्यांच्याच वर्षीचा सहपरीक्षार्थी निघाला. झोउंनी नोकराबरोबर त्याला चिठ्ठी पाठवली. सोबत दहा हजार ताएल चांदीची हुंडी. चिठ्ठीत काही श्रीमंत घरांतल्या मुलांची शिफारस होती आणि स्वतःच्या मुलाचीही. प्रकरण फुटले. मृत्युदंड सुनावला गेला, पण अंमलबजावणी लांबत गेली, आणि झोउ काही वर्षे हांगचौच्या तुरुंगात राहिले. मुलाची पदवी गेली, जमिनी विकल्या गेल्या, तो आजारी पडून १८९६ मध्ये वारला. घरात एक नातू होता. पूर्ण वर्षांच्या हिशेबाने तो बारा वर्षांचा, चिनी रीतीने तेरा वर्षांचा. हा वयाचा हिशेब पुढे पुन्हा येणार आहे. हाच नातू पुढे लू शुन या नावाने आधुनिक चिनी साहित्याचा जनक ठरला.

त्याची 'खोंग यीजी' ही १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेली कथा अनुवादकाला हमखास अडवते. तिचा नायक परीक्षेत कधीच उत्तीर्ण न झालेला, फाटक्या लांब झग्यातला पंडित. तो पुस्तके चोरतो, आणि गावातल्या गुत्त्यात लोक टोमणे मारू लागले की चोरीसाठी एक ग्रांथिक शब्द वापरून सांगतो, की बोलीतला तो हलका शब्द आपल्याला लागू होत नाही. मराठीत 'चौर्य' आणि 'चोरी' ही जोडी आहे, म्हणून आपली सुटका होते. पण विनोदाखालचे दुःख शब्दकोशात सापडत नाही. परीक्षेने या माणसाला दिले काय, तर आपल्या चोरीला सभ्य नाव देण्याइतके व्याकरण.

प्रिन्स्टनच्या नियमाची मुळे व्हर्जिनियात आहेत. १८४० च्या नोव्हेंबरात व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात जॉन डेव्हिस या प्राध्यापकावर बुरखाधारी विद्यार्थ्याने गोळी झाडली. दोन दिवसांनी डेव्हिस वारले. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले वैर कमी व्हावे, म्हणून १८४२ मध्ये शपथ आली: उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याने लिहायचे, की मी कुणाची मदत घेतलेली नाही. तिथले विद्यार्थी बहुतेक मळेवाल्यांचे मुलगे. त्यांच्या लेखी पहारा हाच अपमान होता. ही इभ्रत अर्थात गोऱ्या पुरुषांपुरती. विद्यापीठाच्या भिंती ज्या गुलामांनी उभारल्या, त्यांना ती लागू नव्हती. तरी व्यवस्था टिकली. या व्यवस्थेत नक्कल करणारा राजाचे काही चोरत नाही, तो सोबत्यांचा विश्वासघात करतो. म्हणून प्रिन्स्टनमध्ये निवाडाही सोबत्यांनीच करायचा आणि दुसऱ्याची नक्कल दिसली तर ती कळवणे हेही कर्तव्य. आपल्याकडच्या शाळेत याच कर्तव्याला चहाडी म्हणतात, आणि चहाडखोराला वर्गात कॉपी करणाऱ्यापेक्षा कमी मान असतो.

आता तिसरे ठिकाण. कंपनीच्या नोकऱ्या वशिल्याऐवजी खुल्या परीक्षेने द्याव्यात, असे मेकॉलेच्या समितीने १८५४ मध्ये सुचवले. १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. त्या काळच्या इंग्लंडमधल्या वादात समर्थक आणि विरोधक दोघेही चीनचा दाखला देत होते. पण चीनमध्ये ज्या बाजूने परीक्षकालाही शिक्षा होई, ती बाजू इथे आली नाही. १८६९ मध्ये चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि श्रीपाद बाबाजी ठाकूर. शेवटच्या दोघांवर वय खोटे सांगितल्याचा संशय आला. खरे कारण साधे होते. आपल्याकडे चालू वर्ष मोजत. सोळावे लागले की मुलगा सोळाचा. इंग्रज पूर्ण झालेली वर्षे मोजत. मॅट्रिकला सांगितलेले वय आणि लंडनला सांगितलेले वय जुळेना, आणि कालगणनेतला फरक लबाडी ठरला. नावे वगळली गेली. सुरेंद्रनाथ कोर्टात गेले, आणि दोघांनाही परत घ्यावे लागले.

काही वर्षांतच परीक्षेची वयोमर्यादा १९ वर आणली गेली. सात समुद्र ओलांडून त्या वयात परक्या भाषेत परीक्षा देणे हिंदी मुलांना जवळजवळ अशक्य झाले. २ जून १८९३ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ठराव केला, की ही परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थान दोन्हीकडे एकाच वेळी व्हावी. दादाभाई नौरोजी तेव्हा सभागृहात होते. ठराव मंजूर झाला आणि कागदावर राहिला. हिंदुस्थानात परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडले. या सगळ्यात कुणी अंगरख्यावर काही लिहिले नव्हते, कुणी हुंडी पाठवली नव्हती. सगळे नियमानुसार चालले होते.

ज्या नोकरशाहीचा पाया असा घातला गेला, तिचा वारसा आपल्याकडे आहे. परीक्षार्थीकडे आधी संशयाने बघायचे, ही सवयही त्यातलीच. शब्दांतून ती डोकावते. हिंदीत कॉपी म्हणजे वही, शिक्षक कॉप्या तपासतात. मराठीत कॉपी म्हणताच भरारी पथक आठवते. १९९२ मध्ये उत्तर प्रदेशात नकलविरोधी कायदा आला, तेव्हा शाळकरी मुलांना अटक होऊ लागली. दहावीचा निकाल सुमारे १५ टक्क्यांवर आला. शाळेत वर्षभर कुणी शिकवले होते का, हे त्या निकालाने विचारले नाही. पुढच्या सरकारने तो कायदा रद्द केला.

२०२४ च्या केंद्रीय कायद्याचा रोख मात्र वेगळा आहे. पेपर फोडणारे, परीक्षा घेणाऱ्या कंपन्या, संगनमत करणारे अधिकारी यांना त्याने लक्ष्य केले आहे. टोळीने केलेल्या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपयांचा दंड आहे. परीक्षार्थीला या कायद्याखाली शिक्षा नाही. त्याच्यासाठी परीक्षा मंडळाचे नियम आहेत. कायदा कितपत चालेल, ते काळच सांगेल. पण परीक्षा घेणाराही चोर असू शकतो, ही चिनी दरबाराला ठाऊक असलेली गोष्ट आपल्या कायद्याच्या पुस्तकात आली, हे महत्त्वाचे आहे. पेपर फुटून परीक्षा रद्द होते, तेव्हा दोन वर्षे भाड्याच्या खोलीत राहून अभ्यास करणाऱ्या मुलाचे जे जाते, त्याला ग्रांथिक शब्द शोधायची गरज नाही. ती चोरीच आहे.