विद्यार्थ्याचे मनोगत आणि नाट्यलेखनाचा इतिहास

१

पदव्युत्तर वर्गाला नाट्यवाङ्मय शिकवताना गेली काही वर्षे मी एक उपक्रम करीत आलो आहे. सत्र संपता संपता प्रत्येक विद्यार्थ्याने नाटकाचा एक प्रवेश लिहावयाचा आणि त्याला जोडून, तो प्रवेश कसा सुचला, कोठे अडला, पहिल्या खर्ड्यातले काय गळाले, याविषयी दोन पाने लिहावयाची. या पानांना गुण नसतात. बहुतेक पाने ठरावीक असतात. 'आलेला अनुभव शब्दबद्ध करावासा वाटला' या वाक्याने सुरू होऊन ती 'लेखन ही आत्मशोधाची प्रक्रिया आहे' या वाक्यावर थांबतात. ही वाक्ये विद्यार्थ्यांची नसतात. ती आपण समीक्षकांनी आणि अध्यापकांनीच त्यांच्या हाती दिलेली असतात. परंतु मधूनच एखादे पान निराळे निघते. एका विद्यार्थिनीने लिहिले होते की, प्रवेशातील आईचे बोलणे तिने प्रथम प्रमाण मराठीत लिहिले, मग ते आपल्या घरच्या बोलीत आणले. आणि बोलीत येताच आई पहिल्यापेक्षा निम्मेच बोलू लागली. असे का झाले, हे तिला सांगता आले नव्हते. घडले ते तिने नोंदवले होते, इतकेच.

नाट्यभाषेविषयीच्या कित्येक प्रबंधांत जे हाती लागत नाही, ते या नोंदीत आहे. मग प्रश्न उभा राहतो तो असा की, अशा लेखनाला आपल्या वाङ्मयेतिहासात स्थान कोठे आहे? विद्यार्थ्याने लिहिलेली कविता वा एकांकिका पुढे तो लेखक म्हणून मान्यता पावला तर 'प्रारंभीचे लेखन' म्हणून इतिहासात येते. त्या लेखनाविषयी त्याने त्या वेळी केलेला विचार मात्र कोणत्याच साधनात जमा होत नाही. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, मराठी नाट्यलेखनातील काही महत्त्वाची वळणे विद्यार्थ्यांच्या या विचारातून आलेली आहेत, आणि हा विचार दर वेळी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेबाहेर झालेला आहे.

२

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. आरंभीची काही वर्षे वगळता एकोणिसाव्या शतकात या विद्यापीठाच्या उच्च परीक्षांतून मराठीला बाहेर ठेवण्यात आले होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर, १९०१ च्या सुमारास, तिला पुन्हा प्रवेश मिळाला. म्हणजे जवळजवळ दोन पिढ्या महाविद्यालयीन विद्यार्थी वर्गात शेक्सपिअर आणि कालिदास वाचत होते. मराठी नाटक मात्र वर्गाबाहेर, मंडळ्यांच्या तंबूत आणि वाड्यांच्या चौकांत पाहत होते. या दोन जागांमधील अंतर हाच त्या काळच्या विद्यार्थ्याच्या विचाराचा विषय होता.

विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक १८६१ सालचे. कीर्तने यांचा जन्म १८४० चा, नाटक विद्यार्थिदशेतले. विष्णुदास भावे यांच्या परंपरेतील खेळांत कथानकाची सूत्रे सूत्रधाराच्या पद्यांत असत आणि पात्रे गद्य भाषणे बहुधा आयत्या वेळी बोलत. कीर्तने यांनी आधी संपूर्ण संहिता लिहिली, विषय पुराणातला न घेता इतिहासातला घेतला, आणि नाटकाचा शेवट नायकाच्या मृत्यूत केला. अशा लिखित नाटकांना पुढे 'बुकिश' हे नाव पडले. त्या नावात किंचित उपहास असला, तरी घडलेल्या बदलाचे ते नेमके वर्णन आहे. पुस्तकात नाटक वाचणाऱ्या विद्यार्थ्याने, नाटक पुस्तकातही असू शकते, असा निष्कर्ष काढला होता.

त्यानंतर तीन दशकांनी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर याच प्रश्नाशी येऊन ठेपले. १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यावर लगेच, १८९३ मध्ये, त्यांनी 'सवाई माधवराव यांचा मृत्यू' लिहिले. ते 'विविधज्ञानविस्तारा'त १८९५-९६ मध्ये प्रसिद्ध झाले. या नाटकातील माधवरावांवर हॅम्लेटची आणि केशवशास्त्र्यावर इयागोची छाया आहे, हे अभ्यासकांनी पुष्कळदा सांगितले आहे. त्याला 'प्रभाव' म्हणून आपण मोकळे होतो. माझ्या मते ही वर्गात वाचलेल्या दोन नाटकांची चिकित्सा आहे. स्वतःच्याच मनाशी झगडणाऱ्या नायकाच्या शेजारी दुसऱ्याच्या मनात संशय पेरणारा खलपुरुष आणून बसवला तर काय होईल, हा प्रश्न समीक्षेचा आहे. खाडिलकरांनी तो नाटक लिहून विचारला. त्या पूर्वी गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) आणि गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' (१८९०) केले होते. रूपांतराची वाट अशी मळलेली असताना खाडिलकर त्या वाटेने गेले नाहीत, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते.

आणखी एक साम्य नोंदवावेसे वाटते. थोरले माधवराव १७७२ मध्ये थेऊर येथे वारले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. सवाई माधवराव १७९५ मध्ये शनिवारवाड्यात मरण पावले तेव्हा एकवीस वर्षांचे. दोन्ही नाटककार लिहिताना विशीच्या उंबरठ्यावर होते. सत्ता हाती असून ती पुरती चालवता न आलेल्या तरुणांचे मृत्यू या विद्यार्थ्यांना का खुणावत असावेत, याचे थेट उत्तर त्यांनी कोठे लिहून ठेवल्याचे मला आढळलेले नाही. जे उत्तर आहे ते विषयाच्या निवडीत आहे. त्या काळचा विद्यार्थी लेखनाविषयीचा विचार लेखनातूनच करीत होता. त्यासाठी त्याला वेगळे पान मिळालेले नव्हते.

३

ते पान विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही मिळाले नाही. मात्र एक जागा मिळाली. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा' ही आरोळी ज्याने एकदा ऐकली आहे, त्याला या स्पर्धेच्या वातावरणाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आरोळीच्या आधीची आहे. ती म्हणजे महाविद्यालयाच्या एखाद्या रिकाम्या वर्गात महिनाभर चालणारी तालीम. येथे संहिता वाचली जाते, मोडली जाते, पुन्हा लिहिली जाते. एखादे वाक्य नटाच्या तोंडी बसत नाही म्हणून जाते, एखादे पात्र प्रकाशयोजनेच्या अडचणीमुळे विंगेत थांबते आणि त्याचे न येणेच अर्थपूर्ण ठरते. लेखक विद्यार्थी, दिग्दर्शक विद्यार्थी, आणि टीका करणारेही विद्यार्थी. मराठी नाट्यसमीक्षेची ही एक मौखिक शाळाच होती.

या महाविद्यालयीन वातावरणातून पुढे आलेल्यांपैकी सतीश आळेकर यांचे उदाहरण बोलके आहे. महाविद्यालयीन नाटकातील त्यांचे काम पाहून भालबा केळकरांनी त्यांना प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये बोलावले. १९६९ मध्ये त्यांची 'झुलता पूल' ही एकांकिका आली. १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमी स्थापन झाली आणि १९७४ मध्ये 'महानिर्वाण' रंगमंचावर आले. त्यांचे शिक्षण जीवरसायनशास्त्राचे, साहित्याचे नव्हे. त्यांच्या अवतीभवतीची जब्बार पटेल, मोहन आगाशे ही मंडळी वैद्यकाची. साठोत्तरी मराठी नाटकाच्या या महत्त्वाच्या टप्प्यावर मराठी विभागांतील विद्यार्थी फारसा दिसत नाही, ही वस्तुस्थिती आपण मराठीच्या अध्यापकांनी गंभीरपणे घ्यावयास हवी. आपल्याकडे वाचन होते, तालीम नव्हती.

तथापि या जागेचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. स्पर्धेचे म्हणून एक व्याकरण तयार होते: अखेरचा धक्का, काळोखात विरणारा शेवट, परीक्षकाला ओळखू येईल असा सामाजिक आशय. तालमीतील चर्चा पुष्कळदा 'हे का लिहावे' इथून 'हे चालेल का' इथे घसरते. शिवाय ही सारी चर्चा बोलण्यातच विरून गेली. एकांकिकांच्या संहिता काही प्रमाणात छापल्या गेल्या. त्यांचे खर्डे आणि त्यांवरचे वाद गेले.

४

पुण्या-मुंबईच्या या परंपरेहून निराळी एक परंपरा औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) घडत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये तेथे जे महाविद्यालय काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तेथील प्राध्यापक म. भि. चिटणीस यांनी १९५५ मध्ये 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ते उभे केले. दलित रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाचे स्थान आता मान्य झाले आहे. येथे शब्द अध्यापकाचे होते आणि आवाज विद्यार्थ्यांचा. पुढच्या दशकात हे नाते उलटले. विद्यार्थी आणि नुकतेच अध्यापक झालेले तरुण स्वतः लिहू लागले. गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखालील 'अस्मितादर्श'ने त्या लेखनाला नियतकालिक दिले, आणि लेखक-वाचक मेळाव्यांतून त्याची चर्चाही घडवली.

कीर्तने-खाडिलकरांचा प्रश्न 'नाटक कसे असावे' हा होता. तालमीचा प्रश्न 'नाटक कसे उभे राहील' हा होता. येथे प्रश्न त्याही आधीचा होता: मी लिहावे काय, आणि कोणत्या भाषेत? घरातील पहिलाच पदवीधर जेव्हा वसतिगृहाच्या खोलीत लिहावयास बसतो, तेव्हा निर्मितिप्रक्रियेचा विचार त्याच्यासाठी सौंदर्यशास्त्रीय चैन राहत नाही. आपल्या आईचे बोलणे पुस्तकात मावेल का, हा त्याचा पहिला समीक्षाप्रश्न असतो. दलित साहित्याने भाषेविषयी जे मूलभूत मुद्दे पुढे सिद्धान्ताच्या पातळीवर मांडले, त्यांचे बीज अशा प्रश्नांत होते, असे म्हणता येईल. मराठीपुरते पाहिले तर, विद्यार्थ्याच्या लेखनविषयक विचाराला छापील पान मिळाले ते ठळकपणे येथेच. आणि ते विद्यापीठाने दिले नाही. ते एका चळवळीने मिळवले.

५

अलीकडे अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत सर्जनशील लेखनाची अभ्यासपत्रिका आली आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. पण सोबत एक धोका येतो. 'आपल्या निर्मितिप्रक्रियेविषयी लिहा, गुण दहा' असा प्रश्न एकदा छापला गेला की त्याची मार्गदर्शके निघतील, नमुना-उत्तरे निघतील, आणि विद्यार्थी पुन्हा तेच लिहील: लेखन ही आत्मशोधाची प्रक्रिया आहे. जो विचार दीडशेहून अधिक वर्षे परीक्षेबाहेर जिवंत राहिला, तो परीक्षेत आणताना मरणार नाही याची तजवीज करणे हे आपले काम आहे.

त्यासाठी दोन गोष्टी करता येतील. एक, विद्यार्थ्यांचे खर्डे, तालमीच्या वह्या आणि महाविद्यालयीन नियतकालिकांचे जुने अंक यांना वाङ्मयेतिहासाची साधने मानून विभागांनी ते जतन करावेत. आज ते कपाटांच्या तळाशी किंवा रद्दीत आहेत. दुसरी, हे लेखन 'प्रामाणिक अनुभवकथन' म्हणून न वाचता पुरावा म्हणून वाचावे, आणि प्रत्येक पुराव्याप्रमाणे तपासूनही घ्यावे. विद्यार्थीही अध्यापकाला रुचेल ते लिहितो. खाडलेली ओळ मात्र सहसा कोणाला खूश करण्यासाठी खोडलेली नसते.

बोलीत येताच आई निम्मेच बोलू लागली, असे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला मी त्या वेळी कारण देऊ केले होते. बोलीत गृहीत धरलेले संदर्भ अधिक असतात, म्हणून शब्द कमी लागतात, असे काहीसे मी म्हणालो. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग सांगितले की तिची आई घरातही तेवढेच बोलते. प्रमाण मराठीत तिच्या तोंडी जे जास्तीचे आले होते, ते आईचे नव्हतेच. माझ्या उत्तरात सिद्धान्त होता. तिच्या उत्तरात नाटक होते. ते तिच्या दोन पानांत उतरले नव्हते, कारण ते तिला लिहिण्याजोगे वाटले नव्हते. तसे ते तिला का वाटले नसावे, याचा शोध आपल्या वर्गांच्या इतिहासातच घ्यावा लागेल.